जुन्या गाडीचं स्टिअरिंग का थरथरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि शिमग्यानंतरचा आठवडा, या दोन वेळी माझ्या गॅरेजवर एकाच तक्रारीची रांग लागते. कुणी नुकतीच जुनी गाडी घेतलेली असते, कुणाची मुंबईहून घाट उतरून आलेली असते, आणि माणूस गाडीतून उतरताउतरताच दोन्ही हात हवेत धरून हलवून दाखवतो, "असं होतंय बघा." बहुतेकांनी त्याआधी कुठेतरी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलेली असते, काहींनी तर नवे टायर टाकलेले असतात. पैसे गेलेले आणि थरथर तशीच. म्हणून लोक जे विचारतात आणि मी जे सांगतो, ते इथे एकदा सविस्तर लिहितोय. मी रत्नागिरी जिल्ह्यात महामार्गाच्या कडेला काम करतो, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत.

गाडी ८०-९० ला गेली की स्टिअरिंग थरथरतं. काय झालं असेल?

तुम्ही पहिल्याच वाक्यात वेग सांगितलात, अर्धं काम झालं. बरेचजण नुसतं "स्टिअरिंग हलतं" एवढंच सांगतात. नेमकं कधी हलतं, यावरच सगळं ठरतं. गाडी माझ्याकडे आणण्याआधी दोन दिवस चालवा आणि एका कागदावर लिहून ठेवा. ठरावीक वेगालाच थरथरतं का? ब्रेक दाबल्यावरच का? चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर का? की गाडी जागेवर उभी असतानाही? ही चार उत्तरं गाडीच्या चार वेगळ्या भागांकडे बोट दाखवतात, आणि तो कागद नसेल तर मेकॅनिक तुमच्या पैशांनी अंदाज बांधत बसतो.

ठरावीक वेगाला, म्हणजे साधारण ८० ते ११० च्या पट्ट्यात थरथर येते आणि त्याच्या खाली नाहीशी होते, तेव्हा संशय चाकावर. बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असतं, म्हणजे वजन सगळ्या बाजूंनी सारखं राहिलेलं नसतं. रिमला चिकटवलेलं किंवा कडेला ठोकलेलं वजन पडलेलं असतं, नाहीतर टायर एका बाजूने जास्त झिजलेला असतो. एवढ्याशा वजनाने काय होणार, असं वाटतं. पण हिशेब करून बघा. हॅचबॅकचं चाक १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं. १४ इंची रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅम जास्त असले, तर त्या वेगाला ते चाकाला साधारण ५ किलोच्या जोराने ओढतात, आणि ही ओढ दर फेऱ्याला वर, पुढे, खाली, मागे अशी फिरत राहते. ५० च्या वेगाला तीच ओढ पाव होते. म्हणून गावातल्या रस्त्यावर काही कळत नाही आणि महामार्गावर हात बधिर होतात.

मग थेट बॅलन्सिंगला जाऊ?

थांबा. आधी चाकं धुवा, आणि आतल्या बाजूने धुवा.

कोकणात जुलै ते सप्टेंबर या दिवसांत ही पहिली तपासणी आहे, आणि फुकट आहे. आपला तांबडा चिखल रिमच्या आत, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या बाजूला जाऊन बसतो. गाडी अंगणात वाळली की त्याची वीट होते. एकदा लांज्याकडचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. दोनदा अलाइनमेंट, एकदा बॅलन्सिंग, आणि पुढचे दोन्ही टायर नवे. चाक काढून उलटं टेकवलं, तर आतल्या कडेला तळहाताएवढा चिखलाचा पोपडा बसलेला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, कागदावर गोळा केला आणि टायरवाल्याच्या वजनाशेजारी हातात धरून बघितला. शंभर ग्रॅमच्या वर नक्की होता. बॅलन्सिंग करणाऱ्याने चिखलासकट चाक मशिनवर चढवलं होतं आणि चिखलाच्या हिशेबाने समोर वजन ठोकलं होतं. पुढे अर्धा चिखल गळला आणि ते वजनच आता चाकाला ओढायला लागलं होतं.

त्यामुळे क्रम असा ठेवा : पाण्याच्या जोरदार पाइपने आतून धुवा, वाळू द्या, मग ८० ला चालवून बघा. तरी थरथरली तर बॅलन्सिंग. बॅलन्सिंगला उभं राहून बघा. मशिनवर चाक चढवण्याआधी जुनी वजनं काढली पाहिजेत, आणि शेवटी आतल्या व बाहेरच्या दोन्ही बाजूंना काटा शून्यावर आला पाहिजे. पंक्चर होऊ नये म्हणून टायरात लिक्विड घातलेलं असेल तर तेही सांगा. गाडी उभी असली की ते तळाला साठतं, आणि मग बॅलन्सिंग किती वेळा केलं तरी दुसऱ्या दिवशी आकडा वेगळाच येतो.

दोन वेळा अलाइनमेंट केली तरी फरक नाही. मशिन खराब असेल का?

मशिनचा दोष नाही, औषधच दुसऱ्या दुखण्याचं आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं राहतं, टायरची एकच कड झिजते. थरथर ही फिरणाऱ्या वस्तूची तक्रार आहे. कुडाळकडच्या एका गिऱ्हाइकाने मला हे अगदी अचूक सांगितलं होतं, "गाडी सरळ जाता, पण हात थरथरतत." सरळ जाते म्हणजे अलाइनमेंट बहुधा ठीक आहे. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी कितीतरी जणांचे पैसे वाचतील, कारण इकडे स्टिअरिंगची कुठलीही तक्रार केली की पहिलं उत्तर अलाइनमेंट असंच मिळतं.

एकच गोष्ट जोडतो. अलाइनमेंट खूप दिवस बिघडलेली राहिली आणि टायर वाकडा झिजला, तर तो टायर पुढे थरथर देतो. अशा वेळी अलाइनमेंट केली तरी झिजलेला टायर काही सरळ होत नाही.

हातात काही नाही, पण सीटखाली हादरे बसतात.

मागची चाकं. पुढच्या चाकाची थरथर स्टिअरिंगमधून हातात येते, मागच्याची सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून. खात्री करायची असेल तर मागची चाकं पुढे आणि पुढची मागे घाला. थरथर सीटमधून हातात आली तर दोष त्या चाकात किंवा टायरात आहे, जागा बदलली नाही तर दुसरीकडे शोधायचं. ठरावीक दिशेनेच फिरणारे टायर असतील, म्हणजे कडेला बाण असेल, तर बाजू बदलू नका, फक्त पुढेमागे करा.

चिखल काढला, बॅलन्सिंग केलं, तरीही आहेच. आता?

आता तीन गोष्टी : रिम, टायर, आणि चाक जिथे बसतं तो हब.

रिम बघायला गाडी सपाट जागी जॅकवर घ्या, चाक हाताने फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक पेन्सिल एका ठिकाणी स्थिर धरा. चाक फिरताना पेन्सिल आणि रिममधली फट कमीजास्त होत असेल तर रिम वाकलाय. महामार्गाच्या चौपदरीकरणात जागोजागी वळवणं होती आणि काँक्रीटच्या कडा उघड्या होत्या, त्या काळात वाकलेले रिम घेऊन किती गाड्या आल्या याची गणती नाही. लोखंडी रिम थोडा वाकला असेल तर प्रेसवर सरळ होतो. अलॉयला तडा असेल तर वेल्डिंग करून वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो. तो पुन्हा तुटतो तेव्हा एकदम तुटतो.

हबची गोष्ट मात्र खास आपल्या किनाऱ्याची आहे, आणि घाटावरचे मेकॅनिक ती बरेचदा बघतही नाहीत. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. गुहागर, मालवण, हर्णै अशा समुद्राला लागून असलेल्या गावांतली गाडी असेल, तर चाक काढल्यावर हबचा तोंडाचा भाग बघा. तो गुळगुळीत हवा. तिथे गंजाचे पापुद्रे दिसतील, तपकिरी, एकावर एक, नखाने उचलले तर पातळ खपलीसारखे सुटतात. चाकाच्या आतल्या बाजूलाही तसाच गंज असतो. नट कितीही आवळले तरी चाक त्या खपल्यांवर टेकतं आणि केसभर तिरकं बसतं. मशिनवर बॅलन्सिंग चोख येतं, कारण मशिनला हब माहीतच नाही. गाडीवर चढवलं की थरथर परत.

इलाज साधा आहे. लोखंडी ब्रशने दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासायच्या, मधला उंचवटाही घासायचा, धूळ पुसायची आणि मधल्या उंचवट्यावर अगदी पुसट ग्रीस लावायचं. बोल्ट आणि नटच्या आट्यांवर ग्रीस नको, आणि ब्रेक डिस्कच्या घासणाऱ्या तोंडाला तर एक थेंबही लागता कामा नये. अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे ज्या गाड्या "सगळं करून झालं" म्हणून येतात, त्यांतल्या बऱ्याच या अर्ध्या तासात बऱ्या होतात.

गाडीला बाहेरून घेतलेले अलॉय बसवले असतील तर मधलं भोकही तपासा. कंपनीचं चाक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसतं. बाहेरच्या अलॉयचं भोक मोठं असलं तर मध्ये रिंग लागते, आणि जुन्या गाडीच्या मागच्या मालकाने ती रिंग हरवलेली असते. मग चाक नुसतं नटवर लटकतं आणि मध्यावर बसत नाही.

टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे. तरी टायर खराब असू शकतो?

हो, आणि जुन्या गाडीत हेच फसवतं. नक्षी खोल असली म्हणजे टायर तरुण असतो असं नाही. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पाच-सहा वर्षं उन्हात आणि खाऱ्या हवेत काढलेला टायर नक्षी असूनही मी भरवशाचा मानत नाही.

हाताने बघा. चाक जॅकवर असताना तळवा टायरवरून हळूहळू फिरवा. कुठे फुगवटा लागला, किंवा नक्षीचा एक पट्टा बाजूला सरकल्यासारखा वाटला, तर आतल्या तारांचा थर सुटलाय. असा टायर २०-३० च्या वेगालाही गाडीला झुलवतो. तो फेकायचा, मागे टाकून "थोडे दिवस" चालवायचा नाही. उंचसखल, खळगे खळगे झिजलेला टायर दिसला तर शॉकअप (हादरे शोषणारे दांडे) कामातून गेलेत असं समजा. टायर बदलून शॉकअप तसेच ठेवलेत तर नवा टायरही काही महिन्यांत तसाच होईल.

आता गावात उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल. चाकरमान्यांच्या गाड्या मे महिन्यात येतात आणि कधीकधी गणपतीपर्यंत मांडवाखाली तशाच उभ्या असतात. चार महिने एकाच जागी वजन घेऊन टायर खालून चपटा होतो, त्यात हवा कमी झालेली असली तर जास्तच. पहिले दहा-पंधरा किलोमीटर थरथरून मग टायर गरम झाल्यावर थांबली, तर काळजी नाही. थांबलीच नाही तर टायर कायमचा चपटा झालाय. गाडी ठेवून जाणार असाल तर हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, आणि शेजाऱ्याला किल्ली देऊन पंधरा दिवसांनी हातभर पुढेमागे करायला सांगा.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं, एरवी नाही.

मग चाक आणि टायर विसरा, ब्रेकच्या डिस्क बघा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, ज्यांना ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसली, किंवा ती थोडी तिरकी फिरत असली, की पॅड तिला पकडतं-सोडतं आणि तो मार हातात येतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांनीही ८० वरून ब्रेक दाबताना स्टिअरिंग हलतं.

कोकणात याची दोन कारणं. एक घाट. आंबा, कुंभार्ली, आंबोली, कुठलाही घाट उतरताना पेट्रोल वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रल करून सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून काढतात. डिस्क इतकी तापते की खाली पोहोचल्यावर चाकाजवळ हात धरवत नाही आणि जळका वास येतो. तशात नाक्यावर ब्रेक दाबून उभे राहिलात तर पॅडचा माल त्या एकाच जागी डिस्कवर चिकटतो. पुढे दर फेऱ्याला तो डाग लागतो. ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. यात पेट्रोलही वाया जात नाही, कारण आजच्या इंजिनात गिअरवर उतरताना इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

दुसरं कारण गंज. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो, तो दोनचार वेळा ब्रेक दाबला की जातो. पण गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पॅडच्या आकाराचा ठसा डिस्कवर कोरला जातो. तो ब्रेक दाबून जात नाही. डिस्कवर किंवा तिच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. त्यापेक्षा जाडी पुरेशी जास्त असेल तर लेथवर तोंड मारून घेता येतं. नसेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकत्र बदला. लेथचं काम झाल्यावरही हब घासूनच डिस्क चढवा, नाहीतर वर सांगितलं तेच डिस्कच्या बाबतीत होतं.

पावसात जोरात ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली कडकडतं. तेच का हे?

नाही. ते एबीएस आहे, चाक घसरू नये म्हणून ब्रेक भराभर सोडतं-धरतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे. पाय उचलू नका, दाबून ठेवा. कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकलाही कडकडत असेल तर दाखवा.

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की थरथरतं, पाय काढला की लगेच थांबतं.

ही फार उपयोगाची खूण आहे. रिकाम्या, सरळ, सपाट रस्त्यावर थरथर सुरू असताना पाय उचलून बघा. तशीच राहिली तर चाकांकडे, थांबली तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागांकडे. हे घाटात करू नका.

पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत, म्हणजे बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये, एक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट, म्हणजे दांडा वाकडा असतानाही फिरू देणारा सांधा, झिजला की असं होतं. बाहेरच्या बाजूचा झिजला तर पूर्ण वळण घेताना कटकट वाजतो. दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते, जॉइंटवरचं रबरी बूट फाटतं. ग्रीस उडून जातं, आत चिखल आणि पाणी शिरतं आणि जॉइंट स्वतःला दळून काढतो. गाडीखाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतंय का बघा. बूट वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो. गाडी वाळूत घातलीत किंवा फेरीबोटीवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आले, तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा.

बोलेरो, ईको, ओम्नी यांना मागच्या चाकांना ताकद जाते. त्यांत प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे गाडीखालून मागे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (सांधा) तपासा. हाताने शाफ्ट फिरवून झोल लागला तर क्रॉस गेला.

आणि पुढच्या बाजूला पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या जिपा, ज्या अजूनही आतल्या गावांत वडापला धावतात, त्यांत खड्ड्यानंतर सबंध स्टिअरिंग डावीउजवीकडे आपटायला लागतं. ती थरथर नव्हे, ते वेगळंच आणि फार वाईट दुखणं आहे. जॉइंट, किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खुंट) आणि पाट्यांचे बुश (सांध्यातल्या पुंगळ्या) सगळे एकदम बघावे लागतात. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू उतरवा.

गाडी उभी आहे, एसी लावला की स्टिअरिंग थरथरतं.

चाकांचा संबंधच नाही. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरणारे रबरी आधार, कामातून गेलंय, नाहीतर एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये. रेस वाढवल्यावर थरथर गेली तर माउंटिंगपासून सुरुवात करा.

खड्ड्यात खडखड वाजतं आणि नंतर थोडा वेळ हलतं. घरी तपासता येईल?

काही अंशी. सपाट सिमेंटच्या जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून पुढचं एक चाक जॅकवर घ्या. चाक घड्याळासारखं धरा. १२ आणि ६ वर हात ठेवून आतबाहेर हलवा. झोल लागला तर बॉल जॉइंट (चाकाला खालच्या दांड्याशी जोडणारा गोल सांधा) किंवा बेअरिंग. ३ आणि ९ वर धरून हलवा. झोल लागला तर स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड किंवा रॅकचा शेवट. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा १२-६ वर हलवा, झोल नाहीसा झाला तर बेअरिंगच. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश मात्र असे कळत नाहीत, ते खाली लीव्हर घालून बघावे लागतात.

एक सांगतो आणि हे मनापासून. जॅकवरच्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालू नका. इकडे जॅकच्या जोडीला जांभ्याचा चिरा लावून खाली शिरायची सवय आहे. जांभा सच्छिद्र असतो, भिजलेला असला तर आणखी कच्चा, आणि एका कोपऱ्यावर वजन आलं की सूचना न देता फुटतो. मी असा फुटलेला चिरा पाहिलाय. त्या दिवशी खाली माणूस नव्हता, एवढंच.

थरथरीबरोबर विमानासारखा गुणगुण आवाज येतो.

व्हील बेअरिंग. ६० च्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीउजवीकडे न्या. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. बेअरिंग बरेच दिवस बोलतं आणि मग एकदम सुटतं, त्यामुळे लांबवू नका.

गाडी जुनी घेतलेली असेल आणि चारही बेअरिंगं एकदम वाजायला लागली, तर मला पुराची शंका येते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवसांत महाडलाही पूर आला, आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या दुरुस्त होऊन विकल्या जातात आणि त्यात गैर काही नाही, पण घेणाऱ्याला ते माहीत हवं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर मातीची रेघ दिसते. सीटच्या रुळांमध्ये आणि स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ शोधा. विम्याचा जुना दावा विचारा.

गाडी घेण्याआधी हे सगळं कसं तपासू? मालक पाचच मिनिटं चालवायला देतो.

पाच मिनिटांत गाडी कळत नाही, हे स्पष्ट सांगा. वाडीतल्या रस्त्यावर ३०-४० ला बॅलन्स गेलेली गाडीही लोण्यासारखी चालते. अर्धा तास मागा. सकाळी गाडी थंड असताना जा, आणि बोनेटला हात लावून ती खरंच थंड आहे याची खात्री करा. आधी जागेवर एसी लावून बघा. मग स्टिअरिंग पूर्ण फिरवून मोकळ्या जागेत एक एक गोल, कटकट ऐकायला. मग महामार्गावर मोकळी, कायद्यात बसणारी जागा बघून ८० पर्यंत, दोन्ही हात स्टिअरिंगवर हलके ठेवून. घट्ट धरलंत तर थरथर हातातच मरते. रेडिओ बंद. मागे कुणी नाही हे पाहून ८० वरून ४० पर्यंत मध्यम ब्रेक, दोनदा. शेवटी एक चढ. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादंच जास्त तापलंय का. नंतर चारही टायरचे आकडे वाचा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने गाडीवर किती खर्च केला ते तिथेच कळतं.

थरथर सापडली म्हणून गाडी सोडायची गरज नाही. बॅलन्सिंग, हबची सफाई, टायर, डिस्क, हे सगळं बदलता येतं आणि किंमत कमी करून घेता येते. मी सोडून देतो ती वेगळी गाडी : चारही चाकं ठीक, टायर ठीक, तरी गाडी किंचित तिरकी धावते आणि लोअर आर्म जिथे बसतो तिथला पत्रा गंजून पोकळ झालाय. टोकदार वस्तूने दाबलं की भोक पडतं. समुद्राकाठच्या गाडीत हे मिळतं, आणि त्यावर वेल्डिंगचं ठिगळ मारून वर काळा रंग दिलेला असतो. खालून टॉर्च मारून नव्या काळ्या रंगाकडे जरा जास्त वेळ बघा.

कोणती थरथर आली तर गाडी तिथल्या तिथे थांबवायची?

जी अचानक येते आणि मिनिटामिनिटाला वाढते ती. जुनी, ओळखीची, ९० लाच येणारी थरथर तुम्हाला घरी पोहोचू देते. पण एकाएकी सुरू झाली, वेग कमी केला तरी राहिली, सोबत ठक ठक आवाज आला, तर कडेला घ्या. एकतर टायर सुटत चाललाय नाहीतर चाकाचे नट ढिले आहेत.

एका ओळखीच्या कुटुंबाचं असं झालं. संगमेश्वरला पंक्चर काढलं आणि साखरप्यावरून आंबा घाट चढायला लागले. थोड्या वेळाने हातात थरथर, मग ठक ठक. सासूबाई म्हणाल्या, थांब आणि बघ. जावयाला वाटलं रस्ता खराब आहे. सासूबाईंनी पुन्हा सांगितलं आणि तो थांबला. चार नटांतला एक गेलेला, दोन हाताने फिरत होते. डाव्या बाजूला दरी होती.

चाक काढून बसवलं की, ते कुणीही बसवलेलं असो, ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. एकामागून एक गोल फिरत नाही, समोरासमोरचे, थोडे थोडे. पान्यावर पाय देऊन उड्या मारायच्या नाहीत, त्याने आटे ताणले जातात आणि डिस्क तिरकी होते. हाताच्या जोराने, पाना कुरकुरेपर्यंत. हब घासलेला असेल तर एकदा जास्त तपासा, कारण उरलासुरला गंज दबला की नट किंचित सैल पडतात.